‘द काइट रनर’मधली प्रतीकं आणि बाप-लेकाची नाती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालिद हुसैनी यांची ‘द काइट रनर’ ही इंग्रजी कादंबरी २००३ साली आली. इंग्रजी साहित्याचे विद्यार्थी, वाचनगट आणि मराठी अनुवादातून ती वाचणारे असे सगळेच पुन्हा पुन्हा तेच प्रश्न विचारतात, म्हणून ही उत्तरं एकत्र केली आहेत. कादंबरी वाचून झालेली नसेल तर इथेच थांबा, कारण पुढे सगळी रहस्यं उघड होतात. प्रकरणांचे आकडे मूळ इंग्रजी पुस्तकाचे आहेत. एकूण प्रकरणं २५.

थोडक्यात कथा सांगाल का?

काबूलच्या वझीर अकबर खान या सधन भागात अमीर आणि त्याचा बाप राहतात. बापाला सगळी कादंबरी ‘बाबा’ म्हणूनच ओळखते. आवारातल्या खोलीत नोकर अली आणि त्याचा मुलगा हसन राहतात. अमीर सत्ता हाती असलेल्या पश्तून समाजाचा, हसन हलक्या कामांना जुंपलेल्या हजारा समाजाचा. १९७५च्या हिवाळ्यात पतंगांच्या सामन्यानंतर गल्लीत तीन मुलं हसनला अडवतात आणि आसिफ त्याच्यावर लैंगिक अत्याचार करतो. अमीर ते पाहतो आणि पळून जातो. मग स्वतःची लाज झाकायला तो हसनवर चोरीचा आळ घेतो, आणि अली-हसन घर सोडतात. १९८१मध्ये बाप-लेक देश सोडून पुढे अमेरिकेत स्थायिक होतात. २००१मध्ये बाबांचे जुने स्नेही रहीम खान अमीरला पेशावरला बोलावून सांगतात की हसन बाबांचाच मुलगा होता, तालिबानने त्याला मारलं आणि त्याचा मुलगा सोहराब काबूलमध्ये एकटा आहे. अमीर त्याला तालिबानमध्ये सामील झालेल्या आसिफच्या तावडीतून सोडवून आणतो.

बाप-लेकाच्या जोड्या नेमक्या किती, आणि आधी कुठली घ्यावी?

ठळक जोड्या पाच: बाबा–अमीर, बाबा–हसन, अली–हसन, हसन–सोहराब आणि अमीर–सोहराब. रहीम खान आणि अमीर हीसुद्धा जवळजवळ तशीच जोडी. अमीरची पहिली गोष्ट वाचून ‘शाब्बास’ म्हणणारा माणूस बाप नाही, बापाचा मित्र आहे. हे एकच वाक्य अमीरच्या बालपणाबद्दल पुष्कळ सांगून जातं.

अभ्यासाला सुरुवात मात्र बाबा–हसनपासून करा. बाकी चारही जोड्यांचा अर्थ तिच्यामुळे बदलतो. बहुतेक जण बाबा–अमीरपासून सुरुवात करतात आणि ‘बापाचं प्रेम न मिळालेला मुलगा’ एवढ्यावरच अडकून बसतात.

बाबा अमीरशी इतके कोरडे का वागतात?

कादंबरी तीन कारणं देते, आणि ती तीन वेगवेगळ्या ठिकाणी विखुरलेली आहेत.

पहिलं कारण वरवरचं. बाबा अस्वलाशी झुंजलेला गडी, त्यांच्या पाठीवर अस्वलाच्या नखांचे तीन समांतर वण आहेत. आणि पोरगा कविता वाचतो, फुटबॉलमध्ये कच्चा आहे, बुझकशी या घोड्यावरून खेळायच्या खेळाच्या सामन्यात घोडेस्वार तुडवला गेला म्हणून घरी येईपर्यंत रडतो (प्रकरण ३). दुसरं कारण कुणी बोलून दाखवत नाही, पण अमीर ते मनात धरून बसलेला असतो: त्याच्या जन्माच्या वेळी आई गेली. बाबांची राणी आपण मारली, आणि ते आपल्याला त्यासाठी माफ करत नाहीत, असं त्याला वाटतं.

तिसरं कारण रहीम खानच्या शेवटच्या पत्रात आहे (प्रकरण २३). बाबांचे दोन मुलगे, पण हसनवर उघडपणे प्रेम करणं त्यांना शक्य नव्हतं. म्हणून त्यांनी तो राग अमीरवर काढला. अमीरकडे पाहिलं की स्वतःचा वारसा, पैसा आणि त्यामागची लबाडी दिसायची. आमच्या मते खरं कारण हेच, पहिली दोन त्याच्यावरचं पांघरूण आहेत. उत्तरात फक्त पहिलं कारण लिहिलंत तर तुम्ही बारा वर्षांच्या अमीरच्या डोळ्यांनी वाचताय, पुस्तकाच्या नाही.

हसन बाबांचा मुलगा आहे याच्या खुणा आधी कुठे दिसतात?

दुसऱ्या वाचनात पेन्सिल घेऊन बसा, पानोपानी सापडतील. महत्त्वाच्या या:

घरघा तळ्याकाठी दोन्ही मुलं पाण्यावर चपटे दगड टाकतात. हसनचा दगड आठ टप्पे घेतो, अमीरचा जास्तीत जास्त पाच. बाबा हसनच्या पाठीवर थाप मारतात, खांद्यावर हात टाकतात. पुढच्या वेळी अनाथाश्रमाच्या उद्घाटनाआधी बाबा तळ्यावर न्यायचं म्हणतात आणि हसनलाही बोलवायला सांगतात. हसनचं पोट बिघडलंय, असं अमीर खोटंच सांगतो (प्रकरण ३). पुढच्या सगळ्या विश्वासघाताचं हे बी, आणि ते फक्त आठ आणि पाच या आकड्यांतून पेरलेलं आहे.

बाबा हसनचा वाढदिवस कधी विसरत नाहीत. १९७४च्या हिवाळ्यात ते त्याला खेळणं देत नाहीत, दिल्लीहून डॉ. कुमार नावाचे प्लास्टिक सर्जन बोलावून त्याचा जन्मजात फाटलेला ओठ शिवून घेतात (प्रकरण ५). नवीन नोकर ठेवायचे का, असं अमीर विचारतो तेव्हा ट्यूलिप लावत असलेले बाबा भडकतात आणि हात उगारायची धमकी देतात (प्रकरण ८). चोरीचा आळ हसन स्वतःवर घेतो तेव्हा, चोरीइतकं मोठं पाप नाही म्हणणारे बाबा क्षणात ‘माफ केलं’ म्हणतात, आणि ते दोघं निघाल्यावर ढसाढसा रडतात (प्रकरण ९). अमेरिकेत अमीरच्या पदवीदानाच्या रात्री बाबा म्हणतात, आज हसन आपल्याबरोबर असायला हवा होता (प्रकरण ११).

पतंग हे स्वातंत्र्याचं प्रतीक आहे, असं लिहिलं तर चालेल का?

चालणार नाही. किमान तेवढंच लिहून नाही. आकाश, वारा, पतंग म्हणजे स्वातंत्र्य हे कुठल्याही पुस्तकाबद्दल लिहिता येईल. इथे पतंग ही झुंज आहे. काबूलच्या सामन्यात दोर काच लावलेली, आपल्या मांज्यासारखी. खेळ संपेपर्यंत बोटं कापतात, रक्त येतं. नियम एकच: नियम नाहीत, आपला पतंग उडवा आणि समोरच्याचे काटा (प्रकरण ६). संक्रांतीला येवल्यात किंवा नागपुरात गच्चीवर उभं राहिलेल्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. उलट इंग्रजी टीकेत या कापणाऱ्या दोरीकडे बऱ्याचदा दुर्लक्ष होतं, तिथे मराठी वाचक एक पाऊल पुढे असतो.

आता कामं कशी वाटली आहेत ते पाहा. पतंग उडवतो अमीर, चरखी धरतो हसन. आणि पतंग कटला की तो लुटायला धावतो तोही हसनच. काबूलच्या खेळात शेवटी कटलेला पतंग हा खरा मानाचा. जिंकणाऱ्याने तो दिवाणखान्यात लावायचा, पाहुण्यांना दाखवायचा. म्हणजे मान अमीरचा, धावपळ हसनची. मालक-नोकराचं सगळं नातं या खेळात मावलंय.

आणि हा मान कोणासाठी? बाबांसाठी. बाबा लहानपणी स्वतः पतंगबाज होते. सामन्याच्या काही दिवस आधी ते सहज बोलून जातात, यंदा तू जिंकशील असं वाटतं. बस, त्या एका वाक्यावर अमीर सगळं पणाला लावतो. गल्लीत हसनवर अत्याचार होत असतो तेव्हा निळा पतंग तिथेच पडलेला असतो. हसन तो आसिफला देत नाही, म्हणून त्याच्यावर ही पाळी येते. तोच पतंग घेऊन अमीर घरी जातो, बाबा त्याला मिठीत घेतात, आणि अमीर त्या मिठीत रडतो. तेव्हा पतंग कशाचं प्रतीक हे विचारण्यापेक्षा तो कोणाच्या हातातून कोणाच्या हातात गेला आणि त्याचं मोल कोणी चुकवलं, हे विचारा. या कादंबरीतल्या जवळजवळ प्रत्येक वस्तूला हाच प्रश्न लागू पडतो.

निळा पतंग अमीरचा का?

नाही. अमीरचा पतंग लाल, पिवळ्या कडांचा. निळा पतंग त्याने शेवटी काटलेला, म्हणजे प्रतिस्पर्ध्याचा. शेवटच्या प्रकरणात कटतो तो हिरवा. परीक्षेत ही गफलत फार होते.

डाळिंबाच्या झाडाबद्दल किती लिहायचं?

तीन मुद्दे पुरे. एक, घराजवळच्या टेकडीवरच्या जुन्या कब्रस्तानात अमीर स्वयंपाकघरातल्या सुरीने झाडावर दोघांची नावं कोरतो, ‘काबूलचे सुलतान’ म्हणून (प्रकरण ४). कोरतो अमीर, आणि हसनला तेव्हा वाचताही येत नाही, हे विसरू नका. दोन, अत्याचारानंतर अमीर त्याच झाडाखाली हसनवर डाळिंबं फेकतो. मला मार, मला शिक्षा कर, एवढंच त्याला हवं असतं. हसन एक डाळिंब उचलतो आणि स्वतःच्याच कपाळावर फोडतो (प्रकरण ८). तीन, हसनच्या पत्रात झाडाला बरीच वर्षं फळ धरलं नसल्याचं येतं, आणि २००१मध्ये अमीरला झाड वठलेलं दिसतं, पण कोरलेली अक्षरं पुसट का होईना, शिल्लक असतात (प्रकरण २१). ‘मैत्री सुकली’ एवढंच लिहिणाऱ्यांचं या शिल्लक अक्षरांकडे लक्ष जात नाही.

मेंढ्याच्या डोळ्यांचा उल्लेख का येतो?

बाप-लेकाच्या विषयाशी याहून जवळचं प्रतीक पुस्तकात दुसरं नाही, आणि नेमकं तेच सर्वात कमी लिहिलं जातं. गल्लीत हसनचा चेहरा पाहून अमीरला ईदच्या कुर्बानीचा मेंढा आठवतो, मरणाआधी सगळं समजल्यासारखा दिसणारा (प्रकरण ७). आपण ज्याला बकरी ईद म्हणतो, तो सण प्रेषित इब्राहिमच्या परीक्षेची आठवण आहे. अल्लाहच्या आज्ञेसाठी बाप मुलाचा बळी द्यायला निघतो, आणि ऐनवेळी मुलाच्या जागी मेंढा येतो. इथे अमीर स्वतःशी कबूल करतो की बाबांना जिंकण्यासाठी हसनचा बळी द्यायचा होता. म्हणजे कथा उलटी फिरते: बापाला प्रसन्न करायला मुलगाच बळी देतो, आणि ज्याचा देतो तोही त्याच बापाचा मुलगा. अमीरला हे तेव्हा माहीत नसतं. वाचकालाही नसतं. सतरावं प्रकरण वाचून झालं की सातव्याकडे परत या.

रुस्तम-सोहराबची गोष्ट माहीत नसेल तर?

मग निम्मी कादंबरी हातून निसटते, पण ही उणीव पाच मिनिटांत भरून निघेल. फिरदौसीच्या ‘शाहनामा’त, म्हणजे अकराव्या शतकाच्या सुरुवातीला पूर्ण झालेल्या फारसी महाकाव्यात, वीर रुस्तम रणांगणावर एका तरुण योद्ध्याला मारतो. मरतामरता त्या तरुणाच्या अंगावरची खूण दिसते आणि कळतं, हा आपलाच मुलगा सोहराब. नावं आपल्याला परकी नाहीत. मुंबईच्या पारशी घरांत रुस्तुम आणि सोहराब शतकानुशतकं आहेत, आणि ‘रुस्तुम-ए-हिंद’ हा किताब कुस्तीच्या आखाड्यातला.

हसनची ही आवडती गोष्ट. तो ती झाडाखाली अमीरकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतो आणि पुढे मुलाचं नावच सोहराब ठेवतो. मुलाला न ओळखणारा बाप कोण, याचं सोपं उत्तर बाबा. पण बाबा तर ओळखतात, फक्त बोलत नाहीत, आणि म्हणून ते रुस्तमपेक्षा जास्त दोषी ठरतात. न ओळखता घाव घालणारा खरा अमीर, कारण समोरचा आपला भाऊ आहे हे त्याला ठाऊक नसतं. ही तुलना जशीच्या तशी बसत नाही, आणि तीत गंमत आहे ती तिथेच.

फाटक्या ओठाचं काय?

हसनचा ओठ बाबा शिवून घेतात, आणि पुढच्याच हिवाळ्यात तो हसणं बंद करतो. २००१मध्ये आसिफच्या माराने अमीरचा वरचा ओठ बरोबर मधोमध फाटतो (प्रकरण २३). भाऊ भावासारखा दिसू लागतो. आमच्या मते लेखकाने इथे जरा जास्तच रेखीव आकृती काढली आहे. डॉक्टरच्या तोंडून जन्मजात फाटलेल्या ओठाशी तुलना करवून घेतली नसती तरी वाचकाला कळलं असतं. गलोलीचंही तसंच. आसिफचा डावा डोळा फोडायची धमकी हसन देतो, आणि ती खरी करतो त्याचा मुलगा, टेबलावरची पितळी गोळी वापरून. पण बापाचं शस्त्र मुलाच्या हातात येतं हा मुद्दा उत्तरात जरूर घ्या.

घड्याळाचा प्रसंग महत्त्वाचा आहे का?

फार. तेराव्या वाढदिवसाला बाबांनी दिलेलं मनगटी घड्याळ आणि थोडे पैसे अमीर हसनच्या गादीखाली लपवतो. बापाने प्रेमाने दिलेली वस्तू तो भावाला घराबाहेर काढायला वापरतो. प्रकरण १९मध्ये ड्रायव्हर फरीदच्या भावाकडे, वाहिदकडे, मुक्काम असतो. मुलं त्याच्या मनगटावरच्या घड्याळाकडे टक लावून पाहतात असं वाटून अमीर ते देऊन टाकतो. नंतर कळतं, मुलांचे डोळे त्याच्या ताटावर होते. घरात तेवढंच अन्न होतं आणि ते पाहुण्याला वाढलं होतं. सकाळी निघताना तो गादीखाली मूठभर नोटा ठेवतो. कृती तीच, अर्थ उलटा. ‘प्रायश्चित्त’ या शब्दावर दोन पानं लिहिण्यापेक्षा हे दोन प्रसंग शेजारी ठेवा.

‘चोरी हेच एक पाप’ हे बाबांचं म्हणणं कसं वापरायचं?

बाबा म्हणतात, खून म्हणजे एका जिवाची चोरी, बायकोच्या नवऱ्याची, मुलांच्या बापाची. खोटं बोलणं म्हणजे दुसऱ्याच्या सत्याच्या हक्काची चोरी (प्रकरण ३). यामागे त्यांची स्वतःची जखम आहे. ते सहा वर्षांचे असताना घरात शिरलेल्या चोराने त्यांच्या वडिलांना भोसकून मारलं होतं. म्हणजे इथेही बाप हिरावलेला मुलगा आहेच.

प्रकरण १८मध्ये अमीर हेच माप बाबांना लावतो. अमीरचा भाऊ, हसनची ओळख, अलीची अब्रू, तिन्ही बाबांनी चोरलं. उत्तरात ही दोन प्रकरणं एकत्र आणलीत की निम्मं काम झालं.

बाकीच्या बापांकडे लक्ष द्यायचं का?

थोडं द्या. अली हा पुस्तकातला सर्वात चांगला बाप, आणि रक्ताच्या नात्याने तो बापच नाही. आसिफचा बाप स्वतःच्या मुलाला बिचकून असतो. हसनला गल्लीत धरून ठेवणाऱ्यांपैकी एक कमाल. पुढे पाकिस्तानच्या वाटेवर तो टँकरच्या टाकीत गुदमरून मरतो आणि त्याचा बाप तिथेच पिस्तुलाने स्वतःला संपवतो (प्रकरण १०). लेखक अपराध्यालाही कोणाचा तरी मुलगा करून दाखवतो. आसिफला मात्र ही माणुसकी मिळत नाही. तो शेवटपर्यंत निव्वळ खलनायक राहतो, आणि हा कादंबरीचा कच्चा दुवा आहे.

पश्तून-हजारा भेद समजून न घेता चालेल?

नाही. हजारा बहुतेक शिया, चेहरेपट्टी मध्य आशियाई, पिढ्यान्‌पिढ्या हलक्या कामांना जुंपलेले. पश्तून बहुतांशी सुन्नी, सत्ता त्यांच्याकडे. १९९८मध्ये मजार-ए-शरीफमध्ये तालिबानने हजारांची कत्तल केली, तो उल्लेख कादंबरीतही आहे. बाबांनी हसनला मुलगा म्हटलं नाही यात फक्त खाजगी लाज नाही. त्या समाजात तसं म्हणायला जागाच नव्हती. अमीरही कबूल करतो की हसनला त्याने कधी मित्र म्हटलं नाही. जातीच्या अनुभवाशी तुलना करायचा मोह होतो. करा, पण एका वाक्यात, आणि हजारांचा इतिहास त्याखाली दबू देऊ नका.

शेवटी अमीर सोहराबचा बाप होतो का?

कादंबरी हो म्हणत नाही. इस्लामाबादेत दिलेलं वचन मोडून अमीर त्याला काही काळ अनाथाश्रमात राहावं लागेल म्हणतो, आणि मुलगा जीव द्यायचा प्रयत्न करतो (प्रकरण २४). वाचतो, पण अमेरिकेत आल्यावर कित्येक महिने बोलत नाही. बापासारखं वागायला निघालेल्या अमीरची ही पहिली कमाई, आणि बरेच विद्यार्थी ती गाळून थेट शेवटच्या पतंगावर उडी मारतात.

खरा बदल त्याआधीच्या एका जेवणात आहे. सासरे जनरल ताहेरी सोहराबला ‘हजारा पोरगा’ म्हणतात. अमीर त्यांना सरळ सांगतो की माझ्या बापाचे नोकराच्या बायकोशी संबंध होते, हा माझ्या भावाचा मुलगा आहे, आणि त्याला नाव आहे. बाबांनी जन्मभर लपवलेली गोष्ट तो जेवणाच्या टेबलावर मांडतो. मग मार्च २००२मध्ये फ्रीमाँटच्या बागेत तो सोहराबबरोबर हिरवा पतंग काटतो, ‘तुझ्यासाठी हजार वेळा’ हे हसनचेच शब्द उच्चारतो आणि पतंग लुटायला स्वतः धावतो. चरखी यावेळी हसनच्या मुलाच्या हाती असते.

परीक्षेत पंधरा गुणांचं उत्तर कसं बसवायचं?

एक वस्तू आणि दोन बाप-लेक जोड्या निवडा, जास्त नको. वस्तू किमान दोनदा, जमलं तर तीनदा कुठे येते ते प्रकरणासह लिहा. प्रत्येक वेळी देणारा कोण, घेणारा कोण, किंमत कोणी मोजली, हे एकेका वाक्यात. कथासार सगळ्या उत्तरात मिळून चार-पाच ओळींच्या वर जाऊ देऊ नका. गुण सर्वात जास्त जातात ते तिथेच.

सुरुवातीचं वाक्य असं काहीसं: “घड्याळ बाबांनी अमीरला मुलगा म्हणून दिलं, अमीरने ते हसनला घरातून काढायला वापरलं, आणि पंचवीस वर्षांनी तो दुसऱ्याच्या घरात गादीखाली पैसे ठेवून आला.” एवढ्यात वस्तू, दोन जोड्या आणि बदल, सगळं आलं.

नेहमीच्या चुका: प्रतीकांची यादी करून प्रत्येकापुढे एक अर्थ लिहिणं, हसनला संत ठरवून त्याच्या रागाच्या शक्यतेकडे न पाहणं, अमीरचं मत म्हणजे लेखकाचं मत समजणं, आणि सोहराबला हसनचा धाकटा भाऊ लिहिणं. शेवटची चूक खरंच होते.

चित्रपट पाहून भागेल का?

मार्क फोर्स्टर यांचा २००७चा चित्रपट काबूलच्या पतंगांसाठी जरूर पाहा, पेच कसा लागतो हे डोळ्यांना कळतं. पण त्यात सोहराबचा जीव द्यायचा प्रयत्न गाळला आहे, त्यामुळे शेवट पुस्तकापेक्षा बराच मऊ होतो. चित्रपटावरून उत्तर लिहिलं की परीक्षकाला लगेच कळतं, कारण इस्लामाबादचं प्रकरण पूर्ण गायब असतं.